४२ वर्षांचा मुलगा, ४० वर्षांचा बाप

यहूदाचा राजा यहोराम ३२ वर्षांचा असताना गादीवर आला, त्याने ८ वर्षे राज्य केले आणि आतड्यांच्या दुर्धर रोगाने तो मरण पावला, असे बायबलमधल्या ‘इतिहास’ या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकातला एकविसावा अध्याय सांगतो. लगेच पुढचा अध्याय सांगतो की त्याच्यानंतर त्याचा सर्वांत धाकटा मुलगा अहज्या राजा झाला आणि त्या वेळी तो ४२ वर्षांचा होता. म्हणजे ४० व्या वर्षी वारलेल्या बापाचा धाकटा मुलगा बापाहून २ वर्षांनी मोठा ठरतो. हाच प्रसंग राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आठव्या अध्यायात आला आहे आणि तिथे अहज्याचे वय २२ दिले आहे.

बायबलमधल्या परस्परविरोधी वाटणाऱ्या उताऱ्यांची मी एक वही ठेवली आहे. डाव्या बाजूला एक उतारा, उजव्या बाजूला दुसरा आणि खाली त्यांची वाचकांनी दिलेली स्पष्टीकरणे. वही सुरू केली तेव्हा मला वाटत होते की विरोध मोजायचे असतात. काही वर्षांत लक्षात आले की विरोधांपेक्षा स्पष्टीकरणेच अधिक वाचनीय आहेत, आणि ती सगळी एका तोलाची मुळीच नाहीत. काही स्पष्टीकरणे दोन्ही उतारे अधिक नीट वाचायला शिकवतात, तर काही दोन्ही उताऱ्यांना बाजूला सारून तिसरीच कथा रचतात आणि तिला समन्वय म्हणतात.

अहज्याच्या वयाचा प्रश्न त्यांतला सोपा. नकलून उतरवताना चूक झाली, असे बहुतेक वाचक मानतात, श्रद्धाळूसुद्धा. सिरियाक भाषांतरात इतिहासातल्या त्या जागीही २२ हाच आकडा आहे. हिब्रू अक्षरांनी आकडे लिहिण्याच्या पद्धतीत २० चे अक्षर आणि ४० चे अक्षर यांत लेखनिकाची गल्लत झाली असावी, असे अनेकदा सांगितले जाते. ते ऐकायला पटते, पण आज उपलब्ध असलेल्या हिब्रू हस्तलिखितांत हे आकडे शब्दांत लिहिलेले आहेत, तेव्हा तो तर्क तर्कच राहतो. प्राचीन यहुदी कालगणनाकारांनी मात्र आकड्याला हात न लावता दुसरा मार्ग काढला. त्यांच्या मते ४२ हे अहज्याचे वय नसून त्याच्या आजोळच्या, म्हणजे इस्राएलचा राजा ओम्री याच्या घराण्याच्या संबंधाने मोजलेली वर्षे आहेत. कल्पकतेला दाद द्यावी लागते. परंतु एखाद्या राजाचे वय सांगण्याच्या ठरावीक वाक्यात या एकाच ठिकाणी घराण्याचे वय का आले, याचे उत्तर त्यात नाही. शलमोनाच्या घोड्यांचे ठाण एका ठिकाणी ४०,००० आणि दुसऱ्या ठिकाणी ४,००० असणे, किंवा यहोयाखीन एका ठिकाणी १८ व्या आणि दुसऱ्या ठिकाणी ८ व्या वर्षी राजा होणे, ही याच जातीची प्रकरणे आहेत. त्यांवर मी आता वेळ घालवत नाही.

खरी गोडी वाढते ती विरोध उघड्या डोळ्यांनी ठेवलेला असतो तेव्हा. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथे वचन बजावते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर देऊ नकोस, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. आणि त्याला खेटून असलेले पाचवे वचन बजावते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. ज्याने ही वचने एकाखाली एक मांडली, त्याच्या हे लक्षात आले नसेल असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही यहुदी विद्वानांना ही जोडी बोचली. तालमुद या यहुदी धर्मचर्चांच्या संग्रहातल्या शब्बाथ या प्रकरणात नोंद आहे की या परस्परविरोधामुळे नीतिसूत्रांचे पुस्तक लोकांपासून बाजूला ठेवण्याचा विचार झाला होता. पुढे एक वचन धर्मशास्त्राच्या गोष्टींविषयी आणि दुसरे व्यवहारातल्या गोष्टींविषयी आहे अशी वाटणी करून तो प्रश्न मिटवण्यात आला. मला ही वाटणी अनावश्यक वाटते. मूर्खाशी वाद घातला तरी फजिती आणि न घातला तरी फजिती, हा अनुभव ज्याला आहे त्याला ती दोन वचने एकत्रच हवी असतात, कारण सुभाषितांचे काम नियम सांगण्याचे नसून प्रसंग ओळखायला लावण्याचे असते.

रब्बी इश्माएल यांच्या नावावर असलेल्या अर्थनिर्णयाच्या १३ नियमांतला शेवटचा नियम याच विषयावर आहे: दोन वचने एकमेकांना छेद देत असतील, तर त्यांच्यामध्ये निवाडा करणारे तिसरे वचन येईपर्यंत थांबावे. निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात देव सीनाय पर्वतावर उतरतो, विसाव्या अध्यायात तोच म्हणतो की मी तुमच्याशी आकाशातून बोललो, आणि अनुवादाच्या चौथ्या अध्यायातले वचन दोन्ही सांभाळून घेते: वाणी आकाशातून ऐकवली, अग्नी पृथ्वीवर दाखवला. या नियमातली मला आवडलेली गोष्ट ही की निवाडा करणारा साक्षीदार ग्रंथाच्या आतलाच असावा लागतो. वाचकाने आपल्या पदरचा साक्षीदार उभा करायचा नाही.

याच वाटेने जाताना एक गोष्ट उशिरा माझ्या ध्यानात आली. बायबलमधले विरोध मिटवणारे पहिले वाचक बायबलमध्येच बसले आहेत. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाच्या, कोकराविषयी निर्गमाचा बारावा अध्याय स्पष्ट सांगतो की मांस विस्तवावर भाजून खावे, कच्चे किंवा पाण्यात शिजवलेले खाऊ नये. अनुवादाचा सोळावा अध्याय मात्र ते शिजवायला सांगतो, आणि हिब्रूत तिथे नेमका तोच धातू आहे जो निर्गमात पाण्यात शिजवण्याची मनाई करताना आला आहे. भाषांतरांत ही अडचण सहसा दिसत नाही, कारण भाषांतरकार दुसऱ्या ठिकाणी ‘भाजावे’ किंवा तत्सम शब्द घालून मोकळे होतात. पण इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात योशीया राजाच्या वल्हांडणाचे वर्णन करताना लेखकाने जे केले आहे ते पाहण्यासारखे आहे. शब्दशः घेतले तर तो म्हणतो की त्यांनी नियमाप्रमाणे वल्हांडण ‘विस्तवावर शिजवले’, आणि त्याच वचनात पुढे इतर पवित्र अर्पणे भांड्यांत शिजवल्याचे सांगतो. एका पुस्तकाचे क्रियापद घ्यायचे, दुसऱ्या पुस्तकाचा विस्तव घ्यायचा आणि दोन्ही आज्ञा एका वाक्यात पाळल्या गेल्या असे दाखवायचे! ज्याने हे वाक्य लिहिले त्याच्यासमोर दोन्ही उतारे होते आणि त्याला त्यांची विसंगती जाणवली होती, असे मानल्याशिवाय हे विचित्र क्रियापद उलगडत नाही.

गल्याथाचेही तसेच. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात त्याला दावीदाने मारले, हे ज्याने बायबल उघडलेले नाही त्यालाही ठाऊक असते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र बेथलेहेमचा एलहानान गथच्या गल्याथाला मारतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात हीच नोंद पुन्हा येते तेव्हा एलहानानाने मारलेला माणूस गल्याथाचा भाऊ लहमी होतो. हिब्रूमध्ये ‘बेथलेहेमकर’ या शब्दाचा उत्तरार्ध आणि ‘लहमी’ हे नाव यांची अक्षरे जुळतात. म्हणून एक पक्ष म्हणतो की इतिहासकारापाशी शुद्ध पाठ होता आणि शमुवेलाच्या नकलेत तो बिघडला. दुसरा म्हणतो की इतिहासकारानेच अडचणीच्या वाक्यातून भाऊ घडवला. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतराने तर शमुवेलातच ‘भाऊ’ हा शब्द बाहेरून आणून बसवला. शमुवेलाच्या हिब्रू संहितेची प्रत अनेक ठिकाणी बिघडलेली आहे, हे मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांवरून आणि प्राचीन ग्रीक भाषांतरावरून दिसते, त्यामुळे पहिल्या पक्षाला सहज झटकून टाकता येत नाही. तरीही माझा कौल दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. प्रसिद्ध वीराचे कृत्य अनाम सैनिकाकडे सरकण्यापेक्षा अनाम सैनिकाचे कृत्य प्रसिद्ध वीराच्या नावावर जमा होणे अधिक संभवते.

दावीदाच्या शिरगणतीचा प्रसंग याहून गहन आहे, कारण तिथे आकड्यांच्या पलीकडचा प्रश्न उभा राहतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय सांगतो की परमेश्वराचा कोप भडकला आणि त्यानेच दावीदाला शिरगणतीची प्रेरणा दिली. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय सांगतो की सैतान उठला आणि त्याने दावीदाला चिथावले. (मोजलेल्या लोकांचे आकडेही जुळत नाहीत: एकीकडे इस्राएलचे ८,००,००० आणि यहूदाचे ५,००,०००, दुसरीकडे ११,००,००० आणि ४,७०,०००.) परंपरागत उत्तर असे की देवाने परवानगी दिली आणि सैतानाने कृत्य केले, जसे ईयोबाच्या कथेत घडते. इतिहास हे पुस्तक यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरच्या काळातले आहे, आणि तोपर्यंत वाईटाची प्रेरणा थेट देवाकडे लावणे लोकांना जड जाऊ लागले होते, असे आधुनिक अभ्यासक म्हणतात. शिवाय ‘सातान’ या हिब्रू शब्दाचा साधा अर्थ विरोधक असाच आहे. गणनेच्या बाविसाव्या अध्यायात बलामाची वाट अडवणाऱ्या देवदूतालाही हाच शब्द लावला आहे. या तीनही स्पष्टीकरणांना काही ना काही आधार आहे. पण परवानगी आणि कृत्य अशी विभागणी करून विषय संपवणाऱ्याने शमुवेलातले वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने वाचावे, असे मला सुचवावेसे वाटते. तिथे परवानगी कुठेच नाही. तिथे कोप आहे. ते वाक्य अस्वस्थ करणारे आहे आणि इतिहासकारालाही ते अस्वस्थ करून गेले असावे.

नव्या करारात आलो की समन्वयाची हौस अधिकच वाढते, कारण तिथे एकाच माणसाच्या, येशूच्या, आयुष्याची चार वर्णने, म्हणजे चार शुभवर्तमाने, शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्या शतकात, साधारण १७० च्या सुमारास, तातियान या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने कापून त्यांची एक सलग कथा विणली. सिरियाक भाषिक मंडळ्यांत ती पिढ्यान्पिढ्या उपासनेत वाचली जात होती; पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपाने आपल्या क्षेत्रातल्या तिच्या २०० हून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. सोय नाकारून अडचण स्वीकारण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, थिओडोरेटाची कारणे माझ्याहून वेगळी असली तरी.

या सगळ्यांत येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्या मृत्यूवर माझ्या वहीत सर्वांत अधिक पाने खर्ची पडली आहेत. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदा पस्तावतो, चांदीची ३० नाणी मंदिरात फेकून देतो आणि जाऊन गळफास घेतो. मग याजक त्या पैशांतून परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत विकत घेतात आणि ते रक्ताच्या किमतीचे म्हणून त्याला रक्ताचे शेत म्हणतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात यहूदा स्वतःच आपल्या दुष्कृत्याच्या मजुरीतून शेत विकत घेतो, तिथे पालथा पडतो, मध्येच फुटतो आणि त्याची आतडी बाहेर पडतात. ही गोष्ट यरुशलेमेत सर्वांना कळल्यामुळे त्या शेताला हकलदमा, म्हणजे रक्ताचे शेत, हे नाव पडते. मरणाची रीत वेगळी, शेताचा खरेदीदार वेगळा आणि नावाचे कारणही वेगळे.

प्रचलित उत्तर सर्वांना माहीत आहे: त्याने गळफास घेतला, दोर किंवा फांदी तुटली, तो खाली आपटला आणि फुटला, शेत याजकांनी घेतले, पण पैसा त्याचा असल्याने ते त्याच्या नावाने घेतल्यासारखे झाले. हे उत्तर इतके जुने आहे की ते लॅटिन बायबलमध्ये, म्हणजे वल्गेटमध्येही शिरले आहे. कृत्यांमधल्या वचनात तिथे यहूदा पालथा पडत नाही, तर ‘लटकलेल्या अवस्थेत’ फुटतो. असे घडणे अशक्य आहे, असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दोर तुटल्याचे मत्तय सांगत नाही आणि दोर होता हेच कृत्यांचा लेखक सांगत नाही, तेव्हा ज्या एका घटनेवर सगळा समन्वय टांगला आहे ती दोघांच्याही कथेत नाही. त्याहून मोठी हानी अशी की हे उत्तर मिळाल्यावर वाचक तिथे थांबतो आणि दोन लेखक काय सांगत होते ते ऐकायचे राहून जाते.

मत्तयाचा यहूदा पस्तावलेला आहे. दावीदाचा सल्लागार अहीथोफेल याने राजाशी फितुरी केली आणि शेवटी घरी जाऊन गळफास घेतला, ही शमुवेलातली कथा माहीत असलेल्या वाचकाला दावीदाच्या वंशजाशी फितुरी करणाऱ्याच्या गळफासात तिचा पडसाद ऐकू आल्याशिवाय राहत नाही. कृत्यांमधला यहूदा पस्तावल्याचा उल्लेख नाही. तिथे पेत्र बोलतो आहे, आणि त्याचा ओघ ‘त्याचे घर ओसाड पडो’ या स्तोत्रवचनाकडे आणि यहूदाची रिकामी जागा मत्थियाने भरण्याकडे आहे. त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेरोद किडे पडून मरतो. दुर्जनाच्या देहाची भयंकर दशा होणे ही त्या काळच्या लेखनातली ओळखीची रीत होती. एक लेखक पश्चात्तापाचा शेवट दाखवतो, दुसरा पापाच्या मजुरीचा. दोर तोडून दोन्ही कथा एकत्र बांधल्या की पश्चात्तापही बोथट होतो आणि मजुरीही.

त्याच मत्तयाने तिथेच आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. ३० नाण्यांचे भविष्य यिर्मयाने सांगितले होते, असे तो म्हणतो; शब्द मात्र मुख्यतः जखऱ्याच्या अकराव्या अध्यायातले आहेत. ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्माचार्याने ४०० च्या सुमारास शुभवर्तमानकारांच्या एकवाक्यतेवर लिहिताना हा प्रश्न सोडवायला घेतला. काही हस्तलिखितांत यिर्मयाचे नाव नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणजे सुटका समोर होती. पण अधिक आणि जुन्या प्रतींत ते नाव आहे, आणि कोणीतरी अडचण टाळण्यासाठी ते गाळले असण्याचाच संभव आहे, हे ओळखून त्याने ती सुटका नाकारली. त्यानंतर त्याने दिलेले उत्तर, की सर्व संदेष्ट्यांमधून एकच आत्मा बोलत असल्याने एकाचे वचन दुसऱ्याच्या नावावर गेले तरी बिघडत नाही, मला पटत नाही; कुंभार आणि शेतखरेदी हे विषय यिर्मयात खरोखर येतात, हे स्पष्टीकरण अधिक बरे. परंतु सोयीचा पाठ सोयीचा आहे म्हणूनच संशयास्पद मानण्याचा त्याचा प्रामाणिकपणा थक्क करणारा आहे. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याला लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपली भूमिका सांगितली आहे: शास्त्रात काही असत्य वाटले, तर प्रत सदोष आहे, किंवा भाषांतरकाराला अर्थ कळला नाही, किंवा मलाच समजले नाही, असे मी मानतो. चौथी शक्यता तो विचारात घेत नाही. त्याच्याआधी होऊन गेलेल्या ओरिजेन या धर्मपंडिताने ती घेतली होती. येशूने मंदिर शुद्ध केल्याची घटना योहानात आरंभी आणि इतर तिघांत अखेरीस येते, या प्रश्नावर ओरिजेन म्हणतो की शुभवर्तमानकारांनी कधी कधी बाह्य घटनेतल्या असत्यातही आत्मिक सत्य जपले आहे.

तपशिलाचा प्रत्येक फरक म्हणजे वेगळी घटना, असे धरून चालले की काय होते, ते १५३७ साली आंद्रेआस ओसिआंडर या लूथरपंथी धर्मपंडिताने दाखवून दिले. त्याच्या समन्वयात, येशूने मरणातून उठवलेली याईराची मुलगी एकाहून अधिक वेळा मरणातून उठते. विसाव्या शतकातही ही पद्धत संपली नव्हती: पेत्राने येशूला ओळखत नसल्याचे सांगितले त्या रात्री कोंबडा एकदा आरवला की दोनदा, या फरकाची सांगड घालण्यासाठी हॅरल्ड लिंडसेल या अमेरिकन लेखकाने १९७६ साली पेत्राने येशूला ६ वेळा नाकारले, असे मांडले. चारही शुभवर्तमानांत ३ हाच आकडा आहे. चौघांचेही शब्द खरे ठरवण्याच्या खटाटोपात चौघांपैकी एकानेही न दिलेला आकडा हाती आला.

व्याकरणाच्या आधारे दिलेली स्पष्टीकरणे अधिक भारदस्त वाटतात, म्हणून ती अधिक काळजीने तपासावी लागतात. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला येशूची वाणी ऐकू आली, तेव्हा त्याच्या सोबत्यांनीही ती ऐकली असे कृत्यांचा नववा अध्याय सांगतो, तर ती ऐकली नाही असे बाविसाव्या अध्यायात पौल स्वतः सांगतो. उत्तर दिले जाते की ग्रीकमध्ये ‘ऐकणे’ या क्रियापदाबरोबर षष्ठी आली तर नुसता आवाज ऐकणे आणि द्वितीया आली तर बोलणे समजणे असा अर्थ होतो, आणि या दोन वचनांत विभक्ती तशाच आहेत. मी हे उत्तर बराच काळ स्वीकारून बसलो होतो. मग एकदा पौलाच्या स्वतःच्या ऐकण्याची वाक्ये काढून पाहिली: नवव्या अध्यायात द्वितीया आहे, पण बाविसाव्या अध्यायात षष्ठी आहे, आणि तिथे तर त्याला प्रत्येक शब्द समजला होता. लेखक तोच, पुस्तक तेच. नियम मात्र दोन वचनांपुरताच चालतो. लेखकाला हा भेद सलत नव्हता आणि तो त्याने दुरुस्त केला नाही, एवढेच फार तर म्हणता येते.

वधस्तंभाचा दिवस हा सर्वांत जड प्रश्न. मार्कात शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. योहानात येशूला शिक्षा होते ती वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कोकरे मारली जाण्याच्या दिवशी. अ‍ॅनी जोबेर या फ्रेंच विदुषीने १९५७ साली दोन वेगवेगळ्या पंचांगांच्या आधारे दोन्ही दिवस खरे ठरवण्याचा प्रयत्न केला. तो अभ्यासपूर्ण आहे, परंतु येशू आणि त्याचे शिष्य मंदिराच्या पंचांगाहून वेगळे पंचांग पाळत होते असे एकही शुभवर्तमान सांगत नाही. योहानाने मात्र पहिल्याच अध्यायात येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हटले आहे, आणि त्याच्या दिवसामागचे कारण मला तिथे दिसते.

इतके वाचून कोणाला वाटेल की मी प्रत्येक समन्वय मोडीत काढायलाच बसलो आहे. तसे नाही, याचा एक दाखला देतो. रिकाम्या कबरेकडे गेलेल्या स्त्रिया मत्तयात दोन आहेत, मार्कात तीन, लूकात तिघींची नावे आणि शिवाय इतर काही, आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात एकटी मग्दालीया मरीया. योहानाने एकीचेच नाव घेतले म्हणून इतर नव्हत्याच असे होत नाही, असे समन्वयकार म्हणतात, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे, कारण त्यांना बाहेरून काहीही आणावे लागत नाही. मरीया धावत पेत्राकडे येते आणि म्हणते की प्रभूला कबरेतून नेले आहे आणि कोठे ठेवले ते ‘आम्हांला’ ठाऊक नाही. ते अनेकवचन योहानाच्याच संहितेत आहे. पुढे तेराव्या वचनात ती कबरेपाशी रडत उभी असताना हेच पुन्हा सांगते, आणि तेव्हा ‘मला’ ठाऊक नाही असे म्हणते. त्या वेळी तिच्यासोबत दुसरी कोणी स्त्री नाही.